अकरा सेकंद आणि विकतचं शेपूट

चौदाव्या मिनिटाला पडद्यावर शेपूट आलं. काळंभोर, पंख्यासारखं पसरलेलं, पाणी निथळत वर उठलं, क्षणभर तसंच थांबलं आणि निळ्याशार पाण्यात गेलं. मागं सतार वाजत होती.

"थांबव," श्यामला बेहेरे म्हणाली.

ऋषभ सामंतनं थांबवलं. भवानीपूरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याची संकलनाची खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, दोन मोठे पडदे भिंतीवर आणि मे महिन्यातही अंगात काटा येईल इतका एसी. ऋषभ एकतीस वर्षांचा. कोलकात्याच्या मराठी मंडळाच्या कार्यवाह सुहासिनीताईंचा मुलगा. श्यामलानं त्याला लहानपणी गणपतीत कोळीनृत्यात नाचताना पाहिला होता.

"हे शेपूट कुणाचं?"

"देवमाशाचं, काकू."

"कुठल्या?"

"आता देवमासा तो देवमासा."

"माझा देवमासा शेपूट वर काढत नाही. ती जातच काढत नाही. पाठ वाकवते आणि खाली जाते. सत्तेचाळीस वेळा बुडी मारताना मी त्याला शूट केलंय. एकदाही शेपूट दिसलेलं नाही."

"तेच तर ना! चोवीस मिनिटं देवमासा आणि एकदाही शेपूट नाही. लोक म्हणतील, बाईंनी पाणबुडी शूट करून आणली."

"हे पाणी कुठलं?"

ऋषभनं कीबोर्डवर दोनतीन बटणं दाबली. "पॅसिफिकमधलं दिसतंय. रीतसर विकत घेतलंय हं, चोरलेलं नाही."

"आणि इथं माझे अकरा सेकंद होते ते?"

टेबलावरचा कागद त्यानं तिच्याकडे सरकवला. वाहिनीचं घोषणापत्र होतं ते. प्रत्येक दृश्य कुठं, केव्हा, कुणी चित्रित केलं त्याची यादी आणि खाली दिग्दर्शकाच्या सहीची जागा. "सगळं भरून ठेवलंय काकू. सही तेवढी करा. एकदा सही झाली की जुलैत दाखवतात. पहिलीच फिल्म आणि थेट टीव्हीवर, किती जणांच्या नशिबात असतं?"

यादीत २१४ या दृश्यक्रमांकासमोर लिहिलं होतं: 'देवमाशाची बुडी. बंगालचा उपसागर.'

श्यामलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडत नाही. राग आला की ती आकडे बोलायला लागते, हे तिच्या घरी आणि कचेरीत सगळ्यांना माहीत आहे.

*

श्यामला मूळची सोलापूरची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हा तिला तो फार आवडला असंही नाही. सर्वेक्षणाची पदविका घेतली होती. नवरा चंद्रकांत सरकारी बँकेत. त्याची तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला बदली झाली, मग मुख्य कचेरीतच जागा मिळाली आणि तिनाची एकोणीस वर्षं झाली. डमडमला दोन खोल्यांचं घर आणि एक मुलगी, वैदेही, जी आईशी मराठीत भांडते आणि मैत्रिणींपाशी आईची तक्रार बंगालीत करते.

खिदिरपूरला एका खासगी कंपनीत श्यामलाला नोकरी लागली. हुगळी नदी अहोरात्र गाळ आणते, तळ सरकत राहतो, म्हणून जहाजांच्या वाटेवरची खोली सतत मोजावी लागते. कंपनीची बोट नदीच्या मुखाबाहेर, सागर बेटाच्याही खाली जाऊन हे काम करते. साहेबांनी श्यामलाला टेबल दिलं. बोटीवर बायकांची सोय नाही, म्हणाले. तिनं दर सोमवारी एक अर्ज दिला. सात महिने. एकोणतिसाव्या अर्जानंतर बोटीवरच्या सामानाच्या कोठडीला आतून कडी बसली आणि श्यामला समुद्रावर गेली.

खोली मोजण्याचं यंत्र बोटीच्या तळातून पाण्यात आवाज सोडतं आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतं. कधीकधी सव्वीस मीटर, सव्वीस मीटर असं चाललेलं असताना मध्येच चौदा येतं आणि पुन्हा सव्वीस. तळ असा उडी मारत नाही. मग कचेरीत बसून ते चौदा काढून टाकायचे. या कामाला सफाई म्हणतात. श्यामला सफाईत तरबेज होती. दिवसाला दोनशे आकडे उडवायची.

सात वर्षांपूर्वी, डिसेंबरात, यंत्रावर चौदा आले तेव्हा ती कठड्यापाशी उभी होती. बोटीशेजारून एक पाठ वर आली. करडी, ओली, संपता संपेना. टोकाला छोटा वाकडा पर. फवाऱ्याचा आवाज आला, आणि मग सडक्या मासळीचा वास.

बोटीचा सारेंग, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, मोतालेब शेख. काकद्वीपचा, तेव्हा चोपन्न वर्षांचा. त्यानं सुकाणूवरून हात न काढता सांगितलं, "तिमी. हरसाल आता है, दीदी."

"दरवर्षी? मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"आपने पूछा नहीं. और आप तो उसको काट देती हैं."

त्यानं बोटीवरच्या संगणकावर तिला सफाई करताना पाहिलं होतं.

त्या दिवशी श्यामला घरी आली ती धुमसत. आपण बारा वर्षं देवमासे खोडत होतो. आपण तेवढ्या नीटनेटक्या होतो म्हणूनच ते खोडले गेले. चंद्रकांत म्हणाला, "अगं, तुला कुठं माहीत होतं?" यावर ती आणखी चिडली. माहीत नसणं ही तिच्या हिशेबी सबब नव्हती.

फिल्म तिथून सुरू झाली. जुना कॅमेरा घेतला, रजा साठवल्या, प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला फोटो पाठवून जात पक्की केली. ब्राइड जातीचा देवमासा; डोक्यावर तीन कंगोरे हीच त्याची ओळख. कंपनीनं परवानगी दिली, काम अडलं नाही तर. पहिल्या प्रयत्नांतलं एकही दृश्य वापरण्याजोगं निघालं नाही. क्षितिज तिरकं. काचेवर मीठ. जे एक दृश्य बरं आलं त्यावर तिचाच "अगं बाई गं!" असा आवाज. पण ती चिवट होती. तिनं नियम केले. देवमासा दिसला की बोटीचं इंजिन बंद. जनित्रही बंद, कारण त्याची घरघर आवाजात येते. कुणी बोलायचं नाही. मोतालेबनं "तिमी!" म्हणून आरोळी ठोकायची नाही, नुसता हात वर करायचा. आणि प्रत्येक दृश्याची वहीत नोंद: वेळ, जागा, दिशा, समुद्र कसा. कचेरीतल्यासारखीच.

मंडळाच्या कोजागरीला ऋषभनं हे ऐकलं आणि म्हणाला, माझ्या कंपनीतून करू या, वाहिनीशी माझी ओळख आहे. करारनामा त्यानं दुधाच्या पेल्याशेजारी ठेवला. मंडळात एकमेकांना नाही म्हणायची पद्धत नाही. परमुलखात सव्वाशे घरं, कुणाचा मुलगा कुणाच्या मुलीला शिकवतो, कुणाच्या आजारपणात कुणी डबे पोचवलेले. श्यामलानं न वाचता सही केली. जी बाई दुसऱ्यानं मोजलेला एक मीटर मान्य करत नाही तिनं नऊ पानं न वाचता सही केली. संकलनाचा अखेरचा शब्द निर्मात्याचा, हे सातव्या पानावर होतं.

*

ते अकरा सेकंद दुसऱ्या हिवाळ्यातले, अकरा जानेवारीचे. समुद्र तेलासारखा शांत. मोतालेबचा हात वर गेला. इंजिन बंद, जनित्र बंद. देवमासा बोटीपासून वीस मीटरवर आला आणि कुशीवर वळला. परामागं, शेपटीकडच्या बाजूला, पाठीवर वार होते. सात. एकसारख्या अंतरावर, शिंप्यानं खडूनं मोजून खुणा कराव्यात तसे. सहा भरून पांढरे पडलेले. सातवा उघडा होता आणि आत लाल दिसत होतं.

जहाजाच्या पंख्याशिवाय असे वार कशानंच होत नाहीत. अंतर रुंद होतं, म्हणजे पंखा मच्छिमार बोटीचा नव्हता, मोठ्या जहाजाचा होता. मोतालेबनं मान फिरवली.

मग श्यामलानं वही उघडली. वेळ लिहिली. जागा पाहायला गेली तर उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र मेलेलं. त्याची राखीव बॅटरी कधीच गेली होती आणि जनित्र तिनंच बंद करायला लावलं होतं. कचेरीचा नियम तिच्या हाडीमासी खिळलेला होता: ज्या खोलीची जागा माहीत नाही ती नोंदीत ठेवायची नाही. हात आपोआप चालला. तिनं लिहिलं: '२१४. जागेची नोंद नाही. रद्द.'

अर्थात तिनं ते दृश्य फिल्ममध्ये घेतलंच. फिल्मचा सगळा जीव त्यातच होता. रद्द हा शेरा तिच्यासाठी कचेरीपुरता होता; लिहिला आणि विसरली.

*

भवानीपूरच्या त्या थंडगार खोलीत ऋषभनं आता तिच्याच वहीची छायाप्रत समोर धरली.

"काकू, अक्षर तुमचंच ना? तुम्हीच रद्द लिहिलंय. उद्या वाहिनीनं विचारलं की हे कुठलं, तर काय सांगू? मी तुमच्याच भल्यासाठी काढलं."

"आणि पॅसिफिकच्या शेपटाची जागा तुला माहीत आहे?"

"ते... ते दृश्य म्हणून आहे. सूचक."

"कशाचं सूचक?"

"तुम्ही ना, काकू, उगाच आकडेमोड करत बसता. लोकांना देवमासा बघायचाय."

"तू त्याची जखम काढलीस आणि तिथं शेपूट लावलंस. बरोबर त्याच जागी. चौदा मिनिटं शून्य सात ते चौदा मिनिटं अठरा. अकराला अकरा."

"अहो, लांबी जुळायला नको?"

ती उठली. घोषणापत्र पिशवीत टाकलं. "सही करून देते," म्हणाली आणि निघाली. ऋषभला वाटलं, मिटलं.

मेट्रोत ती डमडमपर्यंत उभी राहिली, बसायला जागा असूनही. ऋषभचा राग होताच. पण त्याहून तिचं डोकं फिरलं होतं ते स्वतःवर. याआधी बारा वर्षं खोडले, आणि आता डोळ्यांनी पाहिलेला, कॅमेऱ्यात पकडलेला, तोही तिनं स्वतःच्या हातानं खोडून दिला होता. समोरच्याला फक्त तिच्या अक्षराकडे बोट दाखवायचं होतं.

घरी चंद्रकांतनं सगळं ऐकून घेतलं. "सही करून टाक," तो म्हणाला. "जखम नसली तरी फिल्म तुझीच आहे. आणि सुहासिनीताईंशी वाकडं घ्यायचं म्हणजे... आपण इथं राहतो, श्यामला."

"म्हणून?"

"म्हणून म्हणजे काय! वैदेहीच्या वेळी तू दवाखान्यात होतीस तेव्हा पंधरा दिवस डबा कुणी दिला?"

"डब्याची परतफेड शेपटानं करायची?"

वैदेही खाटेवर पडून फोन पाहत होती. ती न बघताच म्हणाली, "आई, शेपूट तसं भारीच आहे दिसायला." मग आईचा चेहरा पाहून उठून बसली. "पण तुझा कुठल्या बाजूला वळला होता ते मला अजून आठवतंय. डाव्या."

"उजव्या," श्यामला म्हणाली. पण ती जरा निवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिदिरपूरला बोटीवर जाऊन इंजिनाची वही मागितली. ही वही उपग्रहाच्या आधीपासून चालत आलेली; इंजिन कधी बंद केलं, कधी चालू केलं, हे सारेंगनं लिहायचं. मोतालेबचं बंगाली अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण एक ओळ त्यानं कधी चुकवलेली नव्हती. अकरा जानेवारी: इंजिन बंद दहा बेचाळीस, चालू दहा त्रेपन्न.

"उस टाइम पानी का खिंचाव किधर था?" तिनं विचारलं.

"भाटा. दक्खिन-पच्छिम. हवा नहीं था." मोतालेबनं भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दीदी, इतने दिन बाद? वो तो आपने काट दिया था."

"जोड़ रही हूँ."

इंजिन बंद होण्याआधीची शेवटची जागा यंत्रात होती. त्यात अकरा मिनिटांचा ओहोटीचा ओढा मिळवला. हिशेब तीन वेळा केला. उत्तर एका बिंदूवर येणार नव्हतंच. अर्ध्या मैलाचं वर्तुळ आलं. त्या वर्तुळाच्या मधोमध जहाजांची वाट जात होती. तीच वाट, जिची खोली श्यामला एकोणीस वर्षं मोजत आली होती.

हिशेब घेऊन ती पुन्हा भवानीपूरला गेली. ऋषभनं तो वाचलासुद्धा नाही. दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच खरं बोलला.

"काकू, फिल्मच्या शेवटी बोधचिन्ह कुणाचं आहे पाहिलंत ना? जहाज कंपनी आहे, पैसे त्यांचे. त्यांच्या लोकांनी चौदावं मिनिट बघितलं आणि मला फोन केला. आता मी काय करू? त्यांच्याशिवाय फिल्म होत नाही."

"मग तेव्हाच हे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चिडला असतात."

"आणि आता?"

"आता तर तुम्ही चिडलाच आहात!" तो कसनुसा हसला. "पुढच्या फिल्ममध्ये घालू या ना जखम. दुसरी फिल्म करू."

"माझ्या अक्षराचा उपयोग केलास," श्यामला म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून माझी चूक पुढं केलीस. कोळीनृत्यात पाय चुकला की शेजारच्या मुलाकडे बघायचास. तसाच आहेस."

तिनं पेन काढलं आणि त्याच्यासमोरच घोषणापत्र भरलं. शेपटाच्या दृश्यासमोर लिहिलं: 'मी घेतलेलं नाही. हा समुद्र नाही. ही जात नाही.' खाली नवी ओळ आखून मूळ २१४ ची नोंद केली: 'जागा अंदाजे, अर्ध्या मैलाच्या वर्तुळात. हिशेब सोबत. वहीतला रद्द हा शेरा मी मागे घेत आहे.' मग सही केली आणि त्याचा फोटो वाहिनीला पाठवला. ऋषभला ते कळलं तोवर फोटो पोचलाही होता.

*

वाहिनीचं पत्र जूनच्या शेवटी आलं. तीन ओळींचं. फिल्म या वर्षीच्या नियोजनात बसत नाही. जहाज कंपनीनं अंग काढून घेतलं. ऋषभनं मूळ चित्रीकरणाची डिस्क आणि हक्क सोडल्याचा कागद पाकिटात घालून पाठवला. स्वतः आला नाही. सुहासिनीताईंनी दोन महिने श्यामलाशी बोलणं टाकलं. आषाढी एकादशीच्या फराळाला तिच्या हातात वाटी दिली तीही दुसरीकडे बघत.

श्यामलानं फिल्म पुन्हा जोडली. शेपूट नाही, सतार नाही, पाणी हिरवट-मातकट, जसं आहे तसं. मग सुहासिनीताईंना फोन केला. "गणपतीत मला चोवीस मिनिटं हवीत."

नाही न म्हणायची पद्धत दोन्ही बाजूंना लागू होती. "नाचानंतर आणि महाप्रसादाच्या आधी," सुहासिनीताई म्हणाल्या. "लांबवू नकोस. भात गार होतो."

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये ऐंशीएक माणसं होती. प्रोजेक्टरपाशी ऋषभ, कारण मंडळाचा प्रोजेक्टर दहा वर्षं तोच चालवतो. मागच्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात मोतालेब. अकरा सेकंद आले आणि गेले. आतून मसालेभाताचा वास येऊ लागला होता आणि दोनचार माणसं खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती.

दिवे लागले. टाळ्या पडल्या, प्रेमानं पडतात तशा. निवृत्त बँक व्यवस्थापक दिगंबर आपटे उभे राहिले. "फार छान हं, श्यामलाताई. अभिमान वाटला. फक्त एक... शेपूट कुठं दिसलं नाही? देवमासा म्हटलं की शेपूट पाहिजे."

मागून कुणीतरी "हो ना!" म्हणालं. हशा पिकला.

श्यामला पुढं आली. आवाज चढला नव्हता, म्हणून चंद्रकांत सावध झाला.

"ऋषभ, दिवे घालव. चौदा मिनिटं शून्य सातवर घे."

"काकू, पानं मांडलीयत..."

"मागं घे."

त्यानं घेतलं. करडी पाठ पुन्हा वर आली, कुशीवर वळली, खाली गेली.

"आपटेसाहेब, वार मोजा."

"काय?"

"पाठीवर वार आहेत. मोजा. तुम्ही बँकेत होतात."

आपट्यांनी चष्मा पुसला. "पाच... सहा. सहा आहेत."

"ऋषभ, पुन्हा."

स्वयंपाकघराच्या दारातून सुहासिनीताई म्हणाल्या, "अगं, वाफ चाललीय भाताची."

"जाऊ दे. ऋषभ, पुन्हा."

या वेळी आपटे पडद्याजवळ गेले. त्यांची सावली देवमाशाच्या डोक्यावर पडली, म्हणून ते खाली वाकले. हॉलमध्ये आता कुणी हलत नव्हतं. सातवा वार आला तेव्हा त्यांचं बोट आपोआप उचललं गेलं.

"सात," ते म्हणाले. "शेवटचा ताजा आहे."

"हो," श्यामला म्हणाली. "चला आता जेवायला."